एसाव परत येतो, त्याचं काय?

हल्ली रील्सवर 'मॅनिफेस्टेशन'वाल्यांच्या, म्हणजे मनात ठाम धरलं की ते प्रत्यक्षात येतं असं सांगणाऱ्यांच्या तोंडी नेव्हिल गोडार्ड हे नाव सारखं असतं. हा गृहस्थ १९०५ साली बार्बाडोसमध्ये जन्मला, विशीच्या आत नाटक शिकायला न्यूयॉर्कला गेला आणि पुढे व्याख्यानांतून सांगत राहिला की बायबल हा इतिहास नव्हेच, त्यातली माणसं म्हणजे आपल्याच जाणिवेच्या अवस्था. बायबलमध्ये जळत्या झुडपातून देव मोशे या संदेष्ट्याला आपलं नाव 'मी आहे' असं सांगतो, तो 'मी आहे' तुमच्या-माझ्या आतलाच.

यात लगेच पाखंड शोधणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. गलतीया इथल्या ख्रिस्ती मंडळींना पत्र लिहिताना खुद्द प्रेषित पौलानं अब्राहामाची बायको सारा आणि दासी हागार यांना देवानं माणसांशी केलेल्या दोन करारांचं रूपक मानलंय. अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वज्ञ फिलो, नंतर ख्रिस्ती विद्वान ओरिगेन, यांनीही असेच आतले अर्थ लावले. आणि कुरुक्षेत्र मनात शोधणाऱ्या आपल्या वाचकांना हे वेगळं काय समजवायचं!

गोडार्ड मला पटतो तो याकोबाच्या गोष्टीत. म्हातारा इसहाक आंधळा झालाय. थोरला, केसाळ एसाव शिकारीला गेलाय. आई रिबका धाकट्या याकोबाला एसावाचे कपडे घालते, हातांना आणि मानेला करडांची कातडी गुंडाळते. बाप चाचपतो, कपड्यांचा वास घेतो. आवाज याकोबाचा, पण हात एसावाचे, असं म्हणतो आणि थोरल्यासाठीचा आशीर्वाद धाकट्याला देऊन टाकतो. गोडार्डच्या लेखी एसाव म्हणजे हाताला लागणारं वास्तव, याकोब म्हणजे इच्छा आणि इसहाक म्हणजे बाहेरच्या जगाकडे डोळे मिटलेली जाणीव. इच्छेला इतकं खरं करा की तिला स्पर्श येईल, वास येईल. क्या बात है!

पण रीलवाले इथंच पुस्तक मिटतात. एसाव शिकारीहून परत येतो की! हंबरडा फोडतो, याकोबाला ठार मारायचं ठरवतो. याकोब पळून मामाकडे, लाबानाकडे जातो. त्याची धाकटी मुलगी राहेल हिच्यासाठी सात वर्षं राबतो आणि लग्नानंतरच्या सकाळी बघतो तर शेजारी तिची थोरली बहीण लेआ. शेरास सव्वाशेर! राहेलपायी आणखी सात वर्षं, मग कळपांसाठी सहा, सगळी मिळून वीस. परतीच्या वाटेवर निरोप येतो की एसाव चारशे माणसं घेऊन येतोय. याकोबाची गाळण उडते. तो शेळ्यामेंढ्या, उंट, गाढवं यांचे कळपच्या कळप नजराणा म्हणून पुढे धाडतो. यब्बोक नदीच्या काठी रात्रभर एका अनोळखी पुरुषाशी झुंजतो, त्यात मांडीचा सांधा निखळतो. सकाळी लंगडत जाऊन भावापुढं सात वेळा जमिनीपर्यंत वाकतो, तेव्हा कुठं एसाव धावत येऊन गळ्यात पडतो.

रूपकच मानायचं ना? मग हेही माना. डोळे मिटून बाजूला सारलेलं वास्तव एक दिवस चारशे माणसं घेऊन समोर येतं. तेव्हा व्हिजन बोर्ड, म्हणजे इच्छांची चित्रं चिकटवलेला फळा, पुढे करून भागत नाही, वाकावं लागतं.

आणि केमो घेणाऱ्या बाईला 'तुझे विचारच निगेटिव्ह होते' असं सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. बायबलमधल्या ईयोबावर, एका सज्जन माणसावर, विनाकारण संकटं कोसळतात, तेव्हा त्याचे तीन मित्र नेमकं हेच करत होते: तुझं काहीतरी चुकलं असणार, त्याशिवाय का हे भोग आले! शेवटी देव त्या तिघांवरच भडकतो आणि त्यांना ईयोबाकडे पाठवतो, तो तुमच्यासाठी प्रार्थना करेल म्हणून.

ईयोबावरचं मॅनिफेस्टेशनचं रील कुणाला दिसलं तर खाली लिंक टाका. मला अजून एकही सापडलेलं नाही.