स्तुती असो, पण पाणी द्या!

सुवार्तेसाठी निघालेल्या माणसानं सामान किती न्यावं, याबद्दल प्रभूची सूचना अगदी स्पष्ट आहे. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायात शिष्यांना पाठवताना तो सांगतो, थैली नको, झोळी नको, वहाणाही नकोत. परदेशात सेवेला निघताना आमच्या गटाला मिळालेल्या यादीत 42 वस्तू होत्या. त्यातल्या 41 मी नेल्या. राहिला तो प्लगचा अ‍ॅडॅप्टर. त्यामुळे फोन, टॉर्च आणि दाढीचं यंत्र यांचे निष्प्राण देह मी सहा आठवडे उशाशी घेऊन झोपलो.

सहा आठवडे! आमच्यात याला 'अल्पकालीन सेवा' म्हणतात. मिशनरी विल्यम केरी 1793 साली बंगालात उतरला आणि त्याच्या हातून पहिल्या बंगाली माणसाचा बाप्तिस्मा व्हायला 1800चा डिसेंबर उजाडला. दुसरा मिशनरी अ‍ॅडोनिराम जडसन, त्यानं ब्रह्मदेशात पहिल्या बाप्तिस्म्यासाठी सहा वर्षं वाट पाहिली. माझं परतीचं तिकीट बेचाळिसाव्या दिवसाचं होतं, तेही रिफंड न मिळणारं.

उतरल्या उतरल्या दुभाष्यानं मला तिथल्या भाषेतली दोन वाक्यं शिकवली. एक, 'धन्यवाद'. दुसरं, 'प्रभूची स्तुती असो'. "एवढ्यावर निभावतं," म्हणाला. उपासनेत निभावतं हो. न्हाणीघरात नाही.

आमच्या मुक्कामाच्या घरी छपरावर एक पिंप होतं आणि त्यातून खाली फवारा सोडलेला होता. पिंप रोज पहाटे घरच्या आजी आणि त्यांचा नातू मिळून, बादल्या वाहून भरत असत. हे मला कोणी सांगितलं नाही. मी आपला नळाला समुद्र जोडलेला असल्यासारखा फवाऱ्याखाली उभा राहिलो आणि विमानप्रवासाचा शीण जाईपर्यंत उभाच राहिलो. मग डोक्यापासून पायापर्यंत साबण लावला. नेमका त्याच वेळी फवारा दोनदा खोकला आणि गप्प झाला.

डोळे उघडवेनात. टॉवेल खोलीत. मदतीला हाक मारायची तर भाषेचं माझं भांडार दोन वाक्यांचं. त्यातलं बरं वाटलं ते निवडलं आणि जीव तोडून ओरडलो, "प्रभूची स्तुती असो!"

अंगणातून आजींचा प्रसन्न आवाज आला, "आमेन!"

मी पुन्हा ओरडलो. या खेपेला दोन-तीन आवाजांत "आमेन" आलं. शेजारी जमले असावेत. मी दुसरं वाक्य वापरून पाहिलं. "धन्यवाद! धन्यवाद! धन्यवाद!" त्यावर कोणीतरी गीत धरलं. चाल ओळखीची होती, त्यामुळे राग आणखीच आला. नवा मिशनरी अंघोळीतसुद्धा देवाचं भजन करतो, अशी माझी कीर्ती दुपारपर्यंत पंचक्रोशीत पसरली आणि आमच्या गटाचे पाळकसाहेब म्हणाले, "ब्रदर, सुरुवात फार छान केलीत."

दुसऱ्या दिवसापासून फवारा बंद. मला बादली आणि मग मिळाला, आणि दाराबाहेर नातू. वय वर्षं पाच. प्रत्येक मगाचा आवाज ऐकून तो मोठ्यानं आकडा म्हणायचा. बादलीत 14 मग बसत. चौदावा पडला की तो आजींना आरोळी ठोकून निकाल सांगायचा. पहिल्या आठवड्यात 14 झाले तरी माझ्या कानात फेस उरायचा. पण एक सांगतो, कुठल्याही भाषावर्गात शिकलो नसतो इतके पक्के आकडे मी त्या न्हाणीघरात शिकलो. चौदापर्यंतच, अर्थात.

हे नवं ज्ञान मी रविवारच्या संदेशात वापरायचं ठरवलं. बारा शिष्य, दहा आज्ञा, सात भाकरी, सगळे आकडे त्यांच्या भाषेत म्हटले. मंडळी खूश! मग उत्साहाच्या भरात नोहाकडे वळलो आणि अडकलो. पाऊस पडला चाळीस दिवस, आणि मला चाळीस येत नव्हते. थांबणं बरं दिसेना, म्हणून जलप्रलयात पाऊस 14 दिवस पडला असं सांगून मोकळा झालो. शेवटच्या बाकावरून नातवाचा हर्षभरित चीत्कार आला. त्याच्या हिशेबानं बादली संपली होती. त्यानंतर दुभाषा पाच मिनिटं एकटाच बोलत होता. माझ्या एका वाक्याचं भाषांतर एवढं लांब का, असं विचारलं तेव्हा म्हणाला, "थोडी दुरुस्ती केली." वीस मिनिटांच्या संदेशात त्यानं अशा थोड्या थोड्या दुरुस्त्या बऱ्याच केल्या असाव्यात. लोक रडले ते त्याच्याच भागात. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत पौलाचं भाषण लांबलं म्हणून युतुख नावाचा तरुण खिडकीत पेंगून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडल्याचं आहे. आमची प्रार्थनाघराची इमारत बैठी होती, हे माझं भाग्य.

मच्छरदाणीबद्दल फार लिहीत नाही. पहिल्या रात्री मी तिच्यात एकटा नव्हतो, एवढं पुरे. गोळीबद्दल मात्र लिहायला हवं. मलेरिया होऊ नये म्हणून मला मेफ्लोक्विन दिलेलं होतं, आठवड्याला एक गोळी. त्या रात्री स्वप्नात आकाशातून एक मोठी चादर उतरली, चारी टोकांना धरलेली, आणि तिच्यात तऱ्हेतऱ्हेचे प्राणी. बायबलात यापो गावात गच्चीवर येशूचा शिष्य पेत्र याला दिसलं होतं हुबेहूब तेच! फरक इतकाच की माझ्या चादरीत प्राण्यांच्या मधोमध आमच्या मंडळीचे खजिनदार बसले होते आणि पावत्या मागत होते. पहाटेच्या प्रार्थनेत मी भरल्या गळ्यानं या दर्शनाची साक्ष दिली. दोघांनी डोळे पुसले. गटातल्या नर्सताईंनी शांतपणे विचारलं, "काल तुमच्या गोळीचा वार होता ना?" चित्रविचित्र स्वप्नं हा त्या गोळीचा जुना, माहीत असलेला गुण निघाला. तरी खजिनदारांना मी पावत्या वेळेवर पाठवल्या. उगाच कशाला!

अकराव्या दिवशी मात्र माझं खरंच बिनसलं. कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाचा परक्या संस्कृतीच्या धक्क्यावरचा लेख 1960 साली छापला गेला. पहिल्यांदा सगळं गोड वाटतं, मग माणूस उखडतो, मग सावरतो, मग रुळतो, असा त्याचा क्रम. उखडलेल्याची लक्षणंही त्यानं दिलीत. सारखे हात धुणं, पिण्याच्या पाण्याची अतोनात काळजी, उशीर झाला की संताप, अंगावरच्या पुरळाचं कौतुक, घरची ओढ आणि शून्यात लागलेली नजर. हे सगळं मी निघण्यापूर्वी वाचलं होतं आणि ते इतरांना होतं अशी माझी समजूत होती.

त्या दिवशी मी ओट्यावर बसून दोन तास समोरच्या कुंपणाकडे बघत होतो. मनात फक्त माझी स्वतःची उशी होती. तेवढ्यात लक्षात आलं, की अंगण एकदम शांत झालंय. आजी पोरांना हुसकत होत्या, कोंबड्यांनासुद्धा. मी गहन प्रार्थनेत आहे असं त्यांना वाटलं होतं. संध्याकाळी चार आजारी माणसं डोक्यावर हात ठेवून घ्यायला आली. मी चौघांसाठी प्रार्थना केली; माझीच दिवसातली पहिली खरी प्रार्थना ती.

कामाचं म्हणाल तर आम्हाला शाळेची एक भिंत बांधायची होती. आमच्या आठ जणांत वीट उचललेला माणूस एकही नव्हता. आमोस संदेष्ट्याला भिंतीशी हातात ओळंबा घेऊन उभा असलेला प्रभू दिसला होता. मला रोज संध्याकाळी तिथला म्हातारा गवंडी दिसायचा. तो ओळंबा सोडायचा, दोरीकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा आणि काही न बोलता निघून जायचा. सकाळी भिंत सरळ असायची. तिसऱ्या दिवशी हा चमत्कार कसा होतो ते मला कळलं, कारण मध्यरात्री थापीचा आवाज आला. त्यानंतर मी भिंतीवरून खाली उतरलो आणि त्याच्यासाठी विटा वाहू लागलो. ते काम मला जमायचं. अर्थात आजींची पहाटेची बादली उचलायला गेलो, की त्या अजूनही हातावर चापट मारत. एकदा निम्मं पाणी अंगणात सांडलं होतं, ते त्या विसरल्या नव्हत्या.

ओबर्गच्या क्रमानं मी चौथ्या पायरीवर पाय ठेवला असेन-नसेन, तेवढ्यात बेचाळिसावा दिवस आला.

निरोपाच्या उपासनेत मला मध्यभागी गुडघे टेकायला लावलं आणि सगळ्यांनी माझ्यावर हात ठेवले. प्रार्थना आजींनी केली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मला कळत नव्हतं, पण मधेच ओळखीचा शब्द कानावर पडला, 'चौदा', आणि डोळे मिटलेली अख्खी मंडळी खुसखुसली. गवंडीसुद्धा. मी दुभाष्याकडे झुकून हळूच विचारलं, "काय म्हणतायत?"

"बरंच आहे," तो डोळे न उघडता म्हणाला. "तुम्ही आमेन म्हणा."

मी म्हटलं.