आबांना वीरचक्र नव्हतं

सकाळी साडेसातला चुलतभावाने फोटो पाठवला. गावच्या एसटी स्टँडसमोर मोठा फ्लेक्स लागलाय. आज १६ डिसेंबर, १९७१ च्या पाकिस्तानविरुद्धच्या लढाईचा विजय दिवस. मागे ढाक्यातला शरणागतीच्या सहीचा तो प्रसिद्ध फोटो, पुढे फेटा बांधलेले माझे आबा, शेजारी वाघ, वर तिरंगा. आणि खाली लाल अक्षरांत, 'सतरा पाकड्यांना कंठस्नान घालणारे वीरचक्र विजेते यांना मानाचा मुजरा'. त्याखाली शुभेच्छुक म्हणून अकरा पोरांचे फोटो.

तेव्हापासून हात कामाला लागत नाहीयेत. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता हे लिहायला घेतलंय. लांबणार आहे, आधीच सांगते.

माझ्या आबांना वीरचक्र मिळालेलं नाही. त्यांच्या ट्रंकेत तीन पदकं होती. पूर्वी स्टार, संग्राम मेडल आणि स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल. पहिली दोन त्या लढाईत पूर्वेला असलेल्या सगळ्यांना मिळाली, तिसरं तेव्हा फौजेत असलेल्या सगळ्यांना. आबा स्वतःच सांगायचे, "ही सगळ्यांची हायेत, माझी एकट्याची न्हाईत." वीरचक्र त्यांच्या पलटणीत आलं होतं, ते पलटणीच्या प्रमुखांना, सीओसाहेबांना, कर्नल ब्रारसाहेबांना. ते सांगताना म्हातारपणीही आबांची पाठ ताठ व्हायची. आपल्या साहेबाचं चक्र आपल्या फोटोखाली लिहिलेलं पाहून त्यांनी काय केलं असतं, हे त्यांना ओळखणाऱ्या कोणालाही विचारा. दगड मारून फाडला असता तो फ्लेक्स.

आणि सतरा. हा आकडा कुठून आणला?

आबांना आयुष्यभर लोकांनी एकच प्रश्न विचारला, किती मारले? लग्नात, पारावर, कारखान्याच्या गेटवर. शाळेत असताना मीही विचारला होता, मास्तरांनी निबंध लिहायला सांगितला म्हणून. संध्याकाळची वेळ होती, आबा ओसरीवर बसून माझे शाळेचे बूट पुसत होते. मी वही-पेन घेऊन समोर. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मारल्याली कोण मोजतंय, पोरी? अंधारात गोळी कुणाला लागली त्ये देवाला ठावं. म्या मोजलं त्ये पुरल्यालं मोजलं. माझ्या खड्ड्यात नऊ."

मी वहीत नऊ लिहिलं आणि पुढे काय लिहायचं ते कळेना.

ही जमालपूरची गोष्ट, तेव्हाचा पूर्व पाकिस्तान, आजचा बांगलादेश. आबांची पलटण पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण, १७६८ साली उभी राहिलेली. आबा १९६२ च्या चीनच्या लढाईनंतर भरती झाले, बेळगावला रंगरूट, १९७१ मध्ये नाईक. जमालपूरला जायला ब्रह्मपुत्रेचा एक पाट ओलांडावा लागला. तो गावातल्या होड्यांतून ओलांडला आणि पलीकडे दारूगोळा वाहायला बैलगाड्या घेतल्या. या बैलगाड्यांबद्दल आबा लढाईपेक्षा जास्त बोलायचे. तिथले बैल आपल्यापेक्षा बुटके, गाडीची बांधणी वेगळी, गाडीवानाची भाषा कळेना. शेवटी आबांनी कासरा स्वतःच्या हातात घेतला. "बैलाला भाषा लागत न्हाई," म्हणायचे.

गावाला वेढा घालून आपल्या ब्रिगेडियर साहेबांनी समोरच्यांना शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली. ती घेऊन तिथलाच एक माणूस पांढरं निशाण लावून सायकलवर गेला. उत्तरात चिठ्ठीबरोबर बंदुकीची एक गोळी आली. हे काही फक्त आबांच्या तोंडचं नाही, त्या लढाईबद्दल जिथे लिहिलंय तिथे हे येतंच. पण आबांच्या सांगण्यात गोळीपेक्षा तो माणूस मोठा होता. "त्यो परत येईस्तवर कुणी पाणी प्यालं न्हाई."

मग १० डिसेंबरच्या रात्री समोरची पाकिस्तानची बलुच पलटण वेढा फोडून टांगाईलच्या रस्त्याने निघाली, आणि त्या रस्त्यावर मराठे खंदक खणून बसले होते. रात्रभर चाललं. सकाळी त्यांचे दोनशेहून जास्त मेलेले रस्त्याच्या कडेने आणि शेतात पडलेले होते. आपलेही गेले. आबांच्या सेक्शनमधले, म्हणजे त्यांच्या छोट्या तुकडीतले दोघे, त्यातला एक शेजारच्या तालुक्यातला. त्याच्या घरी आबा दर दिवाळीला जाऊन यायचे, त्याची आई होती तोवर.

आणि ११ तारखेच्या त्या सकाळी आबांच्या सेक्शनला पुरायच्या कामाला लावलं.

शेतकऱ्याचं पोर, खणायचं काही नवीन नाही. पण आबा म्हणायचे की पहिल्याला उचलताना त्याच्या बुटांकडे लक्ष गेलं. लेस सरळ बांधलेली, आडव्या पट्ट्या, कुठे फुली नाही, टोकं आत खोचलेली. अगदी बेळगावला उस्तादाने आबांना शिकवली तशी. शिकवणार दुसरं कोण, फाळणीआधी ते आणि हे एकाच फौजेतले होते. "रंगरूटीत म्या त्या गाठीपायी कानाखाली खाल्ल्याली," आबा म्हणायचे, "त्यानं पण खाल्ली आसंल."

आमच्या निबंधाच्या त्या संध्याकाळी हे सांगताना त्यांच्या हातात माझे बूट होते आणि ते तशीच लेस ओवत होते. वर्गात सगळ्यांच्या बुटांवर फुल्या, माझ्या एकटीच्या आडव्या पट्ट्या. मला तेव्हा लाज वाटायची. आज लिहिताना हात थरथरतोय.

खड्डा खणून झाला तर कसं निजवायचं ते कोणाला माहीत नाही. तेव्हा गावातला एक वयस्कर माणूस आला. त्याच्या घरातलं कोणीतरी गेलं होतं, बांगलादेशच्या मुक्तिलढ्याच्या त्या नऊ महिन्यांत तिथे प्रत्येक घरातलं गेलं होतं. त्याला या मेलेल्यांबद्दल काय वाटत असेल, ते त्यालाच माहीत. पण त्याने हाताने पश्चिम दाखवली, तोंड असं करा म्हणून. आबांनी नऊच्या नऊ तोंडं तशी केली. सगळ्यांना जागा नीट पुरावी म्हणून खड्डा दोनदा रुंद केला, हे त्यांनी मला फक्त एकदा सांगितलं, आजी गेल्यानंतर.

हे माझे आबा. त्यांच्या तोंडून 'पाकडे' हा शब्द मी एकदाही ऐकला नाही. 'समोरचे' म्हणायचे.

आता पोरांचं म्हणणंही मला ठाऊक आहे, कारण मी सकाळी त्यांच्यातल्या एकाला फोन केला. तो म्हणाला, ताई, आम्ही तर मान दिला. वाईट हेतू नव्हता हे मान्य. गावात दुसऱ्या कोणाला आज आबांची आठवण झाली नाही, तीही या पोरांनाच झाली, हेही मान्य. आबा गेल्यापासून सहा वर्षांत मी स्वतः कुठे काही लिहिलं नाही, तेही खरं. त्यातले तिघे भरतीसाठी पहाटे पळायला जातात आणि त्यांना असं काहीतरी जोरकस लागतं, तेही असेल.

पण म्हणून खोटं? माणसाने काय केलं ते त्याच्या घरी येऊन विचारायला दोन मिनिटं लागतात. आत्या अजून गावातच राहते, स्टँडपासून दहा पावलांवर. कोणी गेलं नाही. कारण खरं ऐकून फ्लेक्स होत नाही. ब्रह्मपुत्रेच्या पलीकडे बैलगाडी हाकली, थंडीत रात्रभर खंदकात बसून जागा सोडली नाही, सकाळी शत्रूला माती दिली, याला मुजरा होत नाही का? ते कमी पडतं का तुम्हाला? तुमचा वाघ नसला तर माझा आजा लहान होतो का?

हेच आबा जिवंत असताना २६ जानेवारीला झेंड्याला जायचे. कोट, तीन मेडलं, बूट चकचकीत. पुढच्या रांगेतल्या खुर्च्या पुढाऱ्यांच्या. आबा मागे उन्हात, सावधान उभे. सत्तरी ओलांडली होती. एका वर्षी मीच शाळेतून खुर्ची आणून दिली तर म्हणाले, "झेंड्याला बसत्यात व्हय?" तेव्हा कोणाला आठवलं नाही की हा माणूस कोण आहे. आणि मेल्यावर त्याला चक्र देताय!

असो. तिकडे जायला नको, बीपी वाढतं.

आजीबद्दल दोन ओळी लिहिते. त्या डिसेंबरात ती सात महिन्यांची गरोदर होती, माझे वडील पोटात. आबांचं आंतर्देशीय पत्र यायचं, 'मार्फत ५६ एपीओ', हा फौजेच्या टपालाचा पत्ता, म्हणजे माणूस कुठे आहे ते कळायचंच नाही. आजीला वाचता येत नव्हतं, शाळेतले गुरुजी वाचून दाखवायचे. लढाई संपल्याचं तिने पंचायतीच्या रेडिओवर ऐकलं. ढाक्याला सही झाली, त्र्याण्णव हजार शरण आले, सगळं गाव नाचलं. आजी नाचली नाही, कारण पत्र नव्हतं. ते जानेवारीत आलं. त्यात लढाईचं एक अक्षर नव्हतं. टांगाईलच्या पुलाजवळ विमानातून छत्रीने उतरलेली दुसरी पॅरा पलटण भेटली, ती मूळची तिसरी मराठाच, त्यात सातारकडचा एक ओळखीचा निघाला, त्याने तंबाखू दिली. आणि खाली, बैलांना पेंड कमी करू नये. गुरुजींनी ते दोनदा वाचलं, कारण आजीला वाटलं काहीतरी राहिलं असेल.

फौजेतून सुटल्यावर आबांनी वीस वर्षं साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमनची नोकरी केली. ते फ्लेक्सवर नाही. उसाच्या गाड्या रात्री उशिरा यायच्या तेव्हा गाडीवानांच्या पोरांना स्वतःच्या केबिनमध्ये झोपवायचे. तेही नाही. शेवटच्या आजारपणात दवाखान्यातल्या नर्सने सवयीने विचारलं, आजोबा, लढाईत किती मारले? आबांना तेव्हा माणसं ओळखू येत नव्हती, मला आत्याच्या नावाने हाक मारायचे. पण हे उत्तर आलं. हात पांघरुणातून बाहेर काढला, बोटं मोजली आणि म्हणाले, "नऊ. समदी पश्चिमेला."

तिला काही कळलं नाही. मी बाहेर जाऊन रडले.

पोरांनो, हे वाचत असाल तर, मी उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने गावी येतेय. आठ वाजता स्टँडवर कोणाकडे उंच शिडी असेल तर घेऊन या. फ्लेक्स मी स्वतः उतरवणार आहे. फाडणार नाही, तुमचे पैसे गेलेत आणि फोटो आबांचा आहे. खालच्या ओळी तेवढ्या कापून काढू. नंतर आत्याकडे चहाला या सगळे, ट्रंक उघडून दाखवते. मेडलं, पत्रं आणि बूट. बुटांची लेस अजून त्यांनी ओवलेलीच आहे, मी सोडलेली नाही.