मावशी, कान राहिले!

ताईचं म्हणणं असं, की मी तिच्या पोराला बिघडवते. कारण काय, तर मी त्याला गोष्टी धड सांगत नाही. "लाल टोपीवालीची गोष्ट म्हटलं की सरळ ती सांगावी ना गं! तुझा लांडगा रोज काहीतरी वेगळंच करतो. उद्या चारचौघांत कुणी विचारलं तर हा काय सांगेल?" पाच वर्षांच्या मुलाला चारचौघांत लांडग्याबद्दल कोण विचारणार आहे, हे मी विचारलं नाही. थोरली बहीण आहे. पण विषय डोक्यातून जाईना, म्हणून इथे लिहितेय.

त्या रात्रीचा माझा लांडगा असा होता: आजीला कपाटात कोंडून, तिचा झगा अंगात चढवून, चष्मा नाकावर ठेवून तो पांघरुणात शिरतो न शिरतो तोच दारावर थाप. दारात मुलगी नाहीच. शेजारच्या दोन म्हाताऱ्या आजीच्या तब्येतीची चौकशी करायला आलेल्या. गुडघे कसे आहेत? झोप लागते का? जीभ दाखवा बघू. अगंबाई, केवढी ही जीभ! लांडगा कण्हत कण्हत उत्तरं देतोय, तोवर एकीने त्याच्या गुडघ्याला तेल चोळायला घेतलं. "पायावर केस फार वाढलेत हो तुमच्या." पोरगं हसून हसून गादीवर लोळत होतं. मग मुलगी आली, लांडगा तिच्या पाया पडून म्हणाला, "मला या दोघींपासून सोडव," आणि दारातून जो पळाला तो थेट जंगलात. संपली गोष्ट. मी दिवा मालवायला हात पुढे केला, तर हा ताडकन उठून बसला.

"मावशी, कान राहिले."

खरंच की! "आजी, तुझे कान एवढे मोठे का?" हे सगळं गंमतीच्या भरात राहूनच गेलं होतं. मग काय, लांडग्याला जंगलातून परत आणलं, म्हाताऱ्यांना घरी पाठवलं, मुलीला पलंगाशी उभं केलं. कान झाले, डोळे झाले, हात झाले. दातांपाशी आलो तशी त्याने माझी दोन बोटं मुठीत घट्ट धरली. ज्याच्या गुडघ्याला दहा मिनिटांपूर्वी तेल चोळलं जात होतं, त्याच लांडग्याला तो आता मनापासून घाबरत होता.

तेव्हापासून मला वाटतं, गोष्टीत काय हलवायचं आणि काय नाही, हे मुलांना आपल्यापेक्षा नीट कळतं. लांडग्याने काय घातलं, कुणाशी गप्पा मारल्या, सगळं माफ. कान-डोळे-दातांचा क्रम मात्र हलवायचा नाही. तीन अस्वलांच्या गोष्टीत अस्वलं तीनच. चौथं अस्वल आणून बघा घरी, काय होतं ते.

राहता राहिली ताईची "सरळ गोष्ट". तीच शोधायला गेले आणि फसले. लाल टोपीवाली शार्ल पेरोने 1697 साली फ्रेंचमध्ये छापली, त्यात लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट तिथेच संपते. वाचवायला कुणी येत नाही. पोट फाडून दोघींना जिवंत बाहेर काढणारा शिकारी भेटतो तो ग्रिम बंधूंच्या 1812 च्या पुस्तकात. त्याच पुस्तकातल्या हिमगौरीचा जीव घ्यायला निघालेली राणी तिची सख्खी आई आहे! 1819 च्या आवृत्तीत त्यांनीच तिची सावत्र आई करून टाकली. तीन अस्वलांच्या घरात चोरून लापशी खाणारी गोड मुलगी? रॉबर्ट साउदीने 1837 मध्ये ती गोष्ट छापली तेव्हा घरात घुसणारी चक्क एक खडूस म्हातारी होती, मुलगी आली 1849 मध्ये. आणि ग्रिम बंधूंची राजकन्या बेडकाचा मुका बिका घेत नाही, ती त्याला उचलून भिंतीवर आपटते. मग त्याचा राजपुत्र होतो. हे ताईला सांगितलं तर ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "तेच बरं."

म्हणजे ज्याने त्याने पदरचं घातलेलंच आहे. मीच तेवढी का मागे राहू?

यातली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट सिंड्रेलाची, कारण तिच्यात भाच्याने मला अडवलं. "बारा वाजता सगळं पहिल्यासारखं झालं ना? मग बूट कसा राहिला?" मी निरुत्तर. उत्तर मिळालं पेरोकडेच. परीने भोपळ्याची बग्गी केली, सहा उंदरांचे घोडे केले, सरड्यांचे नोकर केले, फाटक्या कपड्यांचा भरजरी पोशाख केला. काचेचे बूट मात्र तिने कशाचे केले नाहीत, वरून दिले. जे कशापासून बनलंच नाही, ते परत कशात जाणार? हे ऐकून भाच्याने अशी मान हलवली, जणू हिशेब तपासून सही केली.

त्याच कथेत एक घूस आहे. पिंजऱ्यातल्या तीन घुशींतून सगळ्यात मोठ्या दाढीची म्हणून परी तिला निवडते आणि तिचा झुपकेदार मिशांचा गाडीवान करते. बारा वाजल्यावर तिचं काय झालं, पेरो सांगत नाही. मी सांगते. घूसराव पहाटे बिळात परततात. बायको दारातच उभी. "कुठे होतात रात्रभर?" "सहा घोड्यांची बग्गी हाकत होतो. राजवाड्यावर." "हो का! मग चाबूक दाखवा." चाबूक कुठला असायला! बिचारे खूप शोधतात आणि शेवटी मिशी पुढे करतात. तिला गाडीवानी मेण अजून लागलेलं असतं. ही गोष्ट मला सलग पाच रात्री सांगावी लागली. राजपुत्राची आठवण त्याला एकदाही झाली नाही.

आता माझी चूकही सांगते. एके रात्री मी दमले होते, आणि हल्ली बऱ्याच ठिकाणी दिसतो तसला एक गुणी लांडगा आणला. तो दार वाजवून आत आला, आजीची माफी मागितली, दोघांनी सूप प्यायलं. भाच्याने शांतपणे विचारलं, "मग लांडगा कशाला आणला?"

याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. लांडग्याची फजिती करा, त्याला झगा घाला, शिंका आणा, पण त्याचे दात काढून घेऊ नका. मूल हसतं ते त्या दातांच्या भीतीमुळेच. तीच गत भाषण ठोकणाऱ्या राजकन्येची. तिने राजपुत्राची वाट बघत बसू नये हे मला शंभर टक्के मान्य आहे. तिने मनोऱ्यावरून स्वतः उतरावं आणि चालू लागावं. उतरताना स्वावलंबनावर बोलू नये. (पेरोही दर गोष्टीच्या शेवटी उपदेशाच्या ओळी जोडायचा. त्या सोडून बाकी सगळं लोकांनी लक्षात ठेवलं.)

एक मात्र कबूल. ताईची खरी तक्रार वेगळीच होती. गोष्ट झोपवण्यासाठी असते, आणि माझ्या गोष्टी ऐकून हा साडेदहाला टक्क जागा. यावर मी हल्ली शेवटची पाच मिनिटं काहीच घडू देत नाही. सगळे घरी जातात, हळूहळू, एकेक करून.

काल रात्री सव्वादहाला ताईचा फोन. आवाज दबलेला. "ऐक, त्या घुशीची बायको काय म्हणते गं? मी आपली सरळ सिंड्रेला सांगत होते, तर हा म्हणतो ही खोटी आहे, खरी सांग."

"ती म्हणते, चाबूक दाखवा."

"बरं. मग तो मिशी दाखवतो. आणि संपलं ना?"

मागून पलंगावरून आवाज आला, "आई, मेण राहिलं!"