कसं लागलं?

ताईंचा फोन आला की पहिली दहा मिनिटं मी एकदम निवांत असते. आईंची शुगर, कामाच्या मावशी आल्या का, घोडबंदरचं ट्रॅफिक, चिरंजीवांचे मार्क, सगळ्याची उत्तरं तयार असतात. मग ताई जरा थांबतात, आवाज थोडा खाली आणतात आणि विचारतात, "आणि अगं, ते चॉकलेट कसं लागलं?"

झालं.

ताई म्हणजे माझी मोठी नणंद. बावीस वर्षं न्यू जर्सीत आहेत आणि दर डिसेंबरला येताना दोन बॅगांपैकी एक अख्खी बॅग चॉकलेटची असते. प्रेमाने आणतात हो. हॅलोविन संपलं की दुसऱ्या दिवशी तिकडे चॉकलेटं स्वस्त होतात, तर बिचाऱ्या तेव्हापासून साठवतात, कुणाला किती त्याची यादी करतात, त्यामुळे "ताई, नाही आवडलं" हे वाक्य या जन्मात तरी माझ्या तोंडून निघणार नाही. मी म्हणते, "वेगळंच आहे ना एकदम!" वेगळं हा फार कामाचा शब्द आहे. जावेच्या साडीला चालतो, नव्या सुनेच्या उपम्याला चालतो, शेजाऱ्यांच्या पडद्यांनाही चालतो.

आता हे सगळं घडतं कुठे, तर ठाण्यात, कॅडबरी नाक्यापासून रिक्षाच्या मिनिमम भाड्यात. बाहेरच्यांना पटत नाही पण आमच्याकडे कॅडबरी हा आधी सिग्नल आहे आणि मग चॉकलेट. "कॅडबरीला सोडा" म्हटलं की रिक्षावाला हसत वगैरे नाही, "अलीकडे की पलीकडे" एवढंच विचारतो. फॅक्टरीवरून नाव पडलं ते चिकटलं. नवरा इथलाच, लहानपणी वारा फिरला की पोखरण रोडला कोकोचा वास यायचा आणि पोरं शाळेतून येताना नाक वर करून चालायची असं तो अजून डोळे मिटून सांगतो. मी डोंबिवलीची. आमच्याकडे वारा फिरला की आम्ही खिडक्या लावायचो, ते जाऊ दे.

त्यात मराठी माणसाचं चॉकलेटच्या बाबतीत भाषेपासूनच गडबड आहे. लिमलेटच्या गोळीला आपण चॉकलेट म्हणतो, वाण्याने सुट्टे नाहीत म्हणून हातावर टेकवलेल्या टॉफीलाही चॉकलेटच म्हणतो, आणि खरोखरच्या चॉकलेटला मात्र कॅडबरी, मग ते कुठल्याही कंपनीचं का असेना. ताईंची बॅग उघडली की सासूबाई विचारणार, "यंदा अमेरिकेच्या कॅडबऱ्या कमी आणल्यास का गं?" आणि ताई म्हणणार, "आई, कॅडबरी नाहीये ती." हा संवाद बावीस वर्षं चालू आहे.

तर अमेरिकेच्या त्या कॅडबऱ्यांचा निकाल आईंनी पहिल्याच वर्षी लावला होता. तुकडा तोंडात घातला, जीभ एकदा इकडून तिकडे फिरवली, मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि कुजबुजल्या, "अगं, दूध नासलंय यातलं. हिला सांगू नकोस, एवढ्या लांबून आणलंय." मी तारीख बघितली तर चांगली पुढच्या वर्षाची. आई म्हणाल्या, "तारखेला काय कळतंय? आठवडाभर साठवलेल्या सायीचा वास आहे हा. चाळीस वर्षं लोणी काढतेय मी."

मला वाटलं आईंचं आपलं काहीतरी. मग एकदा रात्री झोप येईना म्हणून मोबाईलवर वाचत बसले आणि उठून आईंना नमस्कार करावासा वाटला. अमेरिकेतल्या काही मिल्क चॉकलेटांमध्ये ब्युटिरिक ॲसिड जाणवण्याइतकं असतं, दुधातलं फॅट फुटलं की होतं ते. नावच मुळी लोण्यावरून पडलंय. खवट लोण्यात तेच, त्या पार्मेझान चीजमध्ये तेच, आणि जेवत असाल तर पुढचे चार शब्द सोडा, ओकारीच्या आंबूस वासातही तेच. आणि तिकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्याच चवीवर वाढलीत त्यामुळे तो आंबटपणा नसेल तर त्यांनाच चुकल्यासारखं होतं. ताईंच्या धाकट्याला मी एकदा कौतुकाने आपली डेअरी मिल्क दिली, त्याने एक घास खाल्ला, उरलेली नीट कागदात गुंडाळून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "मामी, इट्स व्हेरी मिल्की." दुधाच्या चॉकलेटला दूध लागतं ही तक्रार आईंनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. दोन दिवस त्याच्याशी जेवढ्यास तेवढं बोलल्या.

ताईंच्या पाठोपाठ आमच्या भावोजींचा नंबर. ते लेस्टरला असतात आणि तिकडून काय आणतात, तर तीच जांभळ्या कागदातली डेअरी मिल्क! कॅडबरी नाक्यावर राहणाऱ्या माणसाला विमानाने कॅडबरी आणून देणं म्हणजे कोकणात नारळ नेण्यातला प्रकार, पण भावोजी म्हणाले, "वहिनी, खाऊन बघा, ओरिजिनल आहे, १९०५ पासूनची." खाल्ली. आणि खरंच वेगळी लागली, म्हणजे यावेळी मी तो शब्द प्रामाणिकपणे वापरतेय. ब्रिटिश पद्धतीत दूध आणि साखर आटवून त्यात कोको घालतात, ते सगळं सुकवून त्याचा चुरा करतात, त्याला ते क्रम्ब म्हणतात, आणि मग त्याचं चॉकलेट. आईंना हे समजावून सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे खवा." म्हणजे खवाच की! म्हणूनच त्याला तो कंदी पेढ्यासारखा खरपूस गोडवा. एवढी वर्षं आपण पेढाच खातोय, फक्त आयताकृती.

माझा दादा झुरिकला ऑनसाईट गेला तेव्हा मात्र माझ्या माहेरची कॉलर टाईट झाली. स्विस चॉकलेटला नाव ठेवायची कुणाची टाप आहे? आईंनी ठेवलं. "छान आहे, पण तोंडात घातलं आणि गेलं. खाल्ल्यासारखं वाटत नाही." आता ते तसं वाटू नये म्हणूनच तर त्या लोकांनी जिवाचं रान केलंय. १८७९ मध्ये बर्नच्या रोडोल्फ लिंटने चॉकलेट तासन्‌तास घोटत ठेवायचं यंत्र काढलं, यंत्र बंद करायला विसरला आणि दोन दिवसांनी येऊन बघतो तर मऊसूत, अशीही एक कथा सांगतात. (मी मिक्सर बंद करायला विसरले तर त्याची कथा होत नाही, लाईट बिल होतं.) त्याच्या आधी १८७५ च्या सुमारास डॅनियल पीटर नावाच्या माणसाने तिकडेच पहिल्यांदा धड मिल्क चॉकलेट जमवलं. त्याची पंचाईत अशी की दुधातल्या पाण्यामुळे सगळं बिघडायचं, कोकोतलं फॅट आणि पाणी एकत्र नांदेनात, अशी वर्षानुवर्षं गेली आणि मग आटवलेलं दूध वापरल्यावर जमलं. हे मी भक्तिभावाने वाचून दाखवलं तर आई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "दूध आटवायचं हे सुचायला वर्षं लागली? बासुंदी नाही का करत त्यांच्यात?"

आणि असं समजू नका की फक्त आमच्याच घरात यावरून भांडणं होतात. ब्रिटनवाले चॉकलेटमध्ये कोको बटर सोडून थोडं दुसरं वनस्पती फॅट घालतात म्हणून युरोपात तीसेक वर्षं वाद चालला होता. फ्रान्स आणि बेल्जियमचं म्हणणं, हे चॉकलेटच नव्हे. याला 'व्हेजलेट' म्हणा असंही कुणीतरी सुचवलं होतं. शेवटी २००० साली ठरलं की ५ टक्क्यांपर्यंत चालेल, पण पाकिटावर तसं लिहायचं. म्हणजे साजूक तुपातलं की डालड्यातलं हाच वाद, जो आमच्याकडे दर दिवाळीत बेसनाच्या लाडवांवरून होतो. कोकोचंही तसंच. मिल्क चॉकलेटमध्ये युरोपात कोकोचा भाग किमान २५ टक्के लागतो, ब्रिटन आणि आयर्लंडचं २० वर भागतं आणि अमेरिकेत दळलेला कोको १० टक्के असला तरी मिल्क चॉकलेट म्हणायला कायद्याची हरकत नाही. हे मी ताईंना अजून सांगितलेलं नाही. भाऊबीजेला सांगेन म्हणते, फोनवरच.

खरा कहर झाला तो तळमजल्यावरच्या काकूंमुळे. त्यांची मुलगी हेलसिंकीहून आली आणि सोसायटीभर काळ्या कागदातलं चॉकलेट वाटलं. आत काळं, चिकट, खारट काहीतरी भरलेलं. चिरंजीवांनी बेसिनपर्यंत धाव घेतली, नवऱ्याने माणुसकी म्हणून गिळलं, आणि आई शांतपणे चघळत बसल्या. मग म्हणाल्या, "कल्हईवाला आला होता का?" कुणाला काही कळेना. "अरे, नवसागर आहे हा! पूर्वी दारात कल्हईवाला बसायचा, तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकला की हाच वास यायचा." मी शोधलं. सल्मियाक्की म्हणतात त्याला, फिनलंडचे लोक जीव टाकतात त्यावर, आणि त्यात असतं अमोनियम क्लोराईड. म्हणजे मराठीत नवसागर. लिफ्टमध्ये काकू भेटल्या आणि म्हणाल्या, "कसं लागलं गं?" मी म्हटलं, "काकू, वेगळंच आहे ना एकदम!" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "आम्हालापण."

नवरा ऑफिसच्या कामाला जपानला गेला होता तेव्हा हिरव्या चहाचं आणि वासाबीचं किटकॅट घेऊन आला. तिकडे म्हणे किटकॅट हा शब्द त्यांच्या 'किट्टो कात्सु' सारखा लागतो, म्हणजे नक्की जिंकणार, म्हणून परीक्षेला जाणाऱ्या मुलांना देतात. चिरंजीव दहावीला. आईंनी ते पाकीट गणपतीसमोर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, आणि गणिताच्या पेपरला दही-साखरेनंतर वासाबीचा एक तुकडा त्याच्या तोंडात दिला. डोळ्यांतून पाणी काढत गेला पोरगा. दुबईचं ते पिस्त्यावालंही येऊन गेलं, चॉकलेटमध्ये तळलेल्या शेवया भरल्यासारखं, त्यावर कुणीच काही बोललं नाही कारण ते दहा मिनिटांत संपलं.

बाकीचं संपत नाही हाच तर प्रॉब्लेम आहे. कामाच्या मावशींना द्यायला गेले तर त्या स्पष्ट म्हणाल्या, "वहिनी, ते मागच्या वेळचं नको, आपलं साधं असेल तर द्या." वॉचमनकाका घेतात आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे संशयाने बघतात. बाहेर ठेवायची सोय नाही कारण कोको बटर साधारण ३४ डिग्रीला वितळतं आणि ठाण्याचा मे महिना काय असतो ते तुम्हाला माहितीये. आपल्याकडची चॉकलेटं निदान उन्हाचा विचार करून बनवलेली असतात, थोडी निब्बर असतात, ही परदेशी पाहुणी मात्र पंखा बंद केला तरी बसकण मारतात. मग फ्रिज. फ्रिजमध्ये ठेवून, काढून, परत ठेवून त्यांच्यावर पांढरा थर येतो, आई त्याला बुरशी म्हणून सुरीने खरवडतात, मी सांगते आई ते कोकोचंच फॅट आहे, वर आलंय, खाल्लं तरी चालतं, तर त्या म्हणतात, "तू खा."

मागच्या डिसेंबरात ताई आल्या. रात्री जेवणं झाल्यावर काहीतरी गोड हवं म्हणून त्यांनी स्वतःच फ्रिज उघडला आणि मागे पडलेलं दादाचं स्विस चॉकलेट काढलं, आठ-नऊ महिन्यांचं, अर्धं खाल्लेलं, कागद नीट न लावलेला. माझ्या पोटात गोळा आला. ताईंनी तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि बराच वेळ बोलल्याच नाहीत.

मग भरल्या आवाजात म्हणाल्या, "काय आहे गं यात? अगदी घरी आल्यासारखं वाटलं. तिकडे कितीही महागाचं आणलं ना, ही चव नाही."

कोको बटर आजूबाजूचे सगळे वास ओढून घेतं. मी आईंकडे बघितलं, आईंनी माझ्याकडे. मग त्या हळूच उठल्या, फ्रिजच्या त्याच कप्प्यातली लसणाच्या चटणीची उघडी बरणी काढली आणि झाकण घट्ट लावून परत ठेवली.

"वेगळंच आहे ना एकदम," मी म्हटलं.