महिन्याचे 18 युरो 36 सेंट आणि बाबांचं रेडिओचं लायसन

इथे जर्मनीत आल्यावर पत्ता रजिस्टर केला आणि काही आठवड्यांत घरी पत्र आलं, सार्वजनिक, म्हणजे सरकारीही नाही आणि खासगीही नाही अशा रेडिओ-टीव्ही चॅनलसाठीची फी भरा म्हणून. माझ्याकडे ना टीव्ही ना रेडिओ, जर्मन भाषा तर अजिबात येत नव्हती, आणि महिन्याला हे पैसे कशाचे? जाम चिडले होते मी. दरवर्षी ऑक्टोबरात नवीन मुलं आली की आपल्या मराठी ग्रुपवर हाच प्रश्न येतो, ‘टीव्ही नाहीये तरी भरायचं का?’ हो, भरायचं. 2013 पासून फी घरामागे आहे, घरात टीव्ही आहे की नाही हे कुणी बघत नाही. मात्र शेअरिंगच्या फ्लॅटमध्ये चौघं राहत असाल तर एकानेच भरायचे, बाकीच्यांनी त्याच्या फीच्या खात्याचा नंबर कळवायचा, हे प्लीज लक्षात ठेवा, चौघांनी चार वेळा भरू नका.

आता इतकी वर्षं भरल्यावर मी या फीच्या बाजूने आहे. का ते नीट सांगते, कारण परवा एकाने ‘हा जिझिया कर आहे’ असं लिहिलं आणि त्याला शंभर लाईक पडले.

माझं मत बदललं ते 2021 मध्ये. फी साडेसतरा युरोवरून 18.36 करायची होती, म्हणजे वाढ 86 सेंटची, पण त्याला सगळ्या 16 राज्यांची मंजुरी लागते. झाक्सन-आनहाल्ट या एकाच राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी 2020 च्या डिसेंबरमध्ये विधेयक मागे घेतलं आणि वाढ अडकली. प्रकरण घटनात्मक कोर्टात गेलं आणि कोर्टाने वाढ लागू केली. चॅनलला किती पैसा लागतो ते एक स्वतंत्र आयोग तपासतो, आणि राजकारण्यांना चॅनलचा कार्यक्रम आवडत नाही म्हणून त्याचा पैसा अडवता येत नाही, हे तिथे परत एकदा ठरलं. आपल्याकडे अशी केस कुणी लढवेल असं मला वाटेना, म्हणून मी शोधत बसले की यांच्याकडे हे आलं कुठून. हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स, त्याने रेडिओचं काय केलं होतं ते यांनी भोगलंय, म्हणून युद्धानंतर रेडिओ मुद्दाम राज्याराज्यांत वाटून टाकला आणि सरकारपासून लांब ठेवला. पुढे खुद्द आडेनाउअर पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर, म्हणजे आपल्या पंतप्रधानासारखे, असताना त्यांनी केंद्राच्या हातातलं टीव्ही चॅनल काढायचा प्रयत्न केला, तोही कोर्टाने 1961 मध्ये हाणून पाडला.

हे सगळं मी बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, ‘अगं, आम्हीपण भरायचो की.’ आणि खरंच, साताऱ्याच्या घरी कपाटात अजून ते पुस्तक आहे, पासबुकासारखं, पोस्टात जायचं, वर्षाचे 15 रुपये भरायचे आणि त्यावर तिकीट चिकटवून शिक्का मारून आणायचा. तेव्हा रेडिओला लायसन लागायचं, नंतर टीव्हीलाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला ते बंद झालं, लोकांना बरंच वाटलं असणार.

पण मला वेगळंच खटकलं. 1975-76 मध्येही लोक ही फी भरतच होते ना? तरीही आणीबाणीत आकाशवाणीवरून सरकारला हवं तेच ऐकू यायचं, किशोरकुमारची गाणीसुद्धा बंद केली होती. पैसे लोकांनी भरले, पण ते पोस्टातून गेले सरकारी तिजोरीत, आणि आकाशवाणी म्हणजे मंत्रालयाचाच एक विभाग. म्हणजे नुसती फी घेऊन काही होत नाही, ते पैसे कुणाच्या हातातून जातात यावर सगळं आहे! इथले पैसे सरकारच्या बजेटमध्ये जातच नाहीत. आपल्याकडे आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचा कायदा 1990 चा, लागू व्हायला 1997 उजाडलं, कागदावर स्वायत्त, पण पगार आजही केंद्राच्या अनुदानातून. 2023 च्या जूनमध्ये पुणे आकाशवाणीचा वृत्तविभाग बंद करायचा निर्णय निघाला होता, आठवतंय? सकाळी सात दहाच्या बातम्या ऐकत आमची अख्खी आळी चहा प्यायची. लोकांनी ओरड केली म्हणून स्थगिती मिळाली. पण श्रोत्यांना आधी कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारायला भाग पाडेल असा कुठलाच धागा आपल्या हातात नाही.

इथे सगळं छान आहे असं अजिबात नाही. 2021 च्या जुलैत पश्चिम जर्मनीत पूर आला त्या रात्री डब्ल्यूडीआरने, म्हणजे तिथल्या सार्वजनिक चॅनलने, लोकांना वेळेवर पुरेसं सावध केलं नाही म्हणून भयंकर टीका झाली, आणखी जास्त बातम्या द्यायला हव्या होत्या हे चॅनलनेही मान्य केलं. आम्ही पैसे भरतो, तुम्ही होतात कुठे, असं लोकांनी थेट विचारलं आणि तो त्यांचा हक्कच होता.

माझा खरा आक्षेप दुसराच आहे. बंगल्यात राहणाऱ्या कोट्यधीशालाही 18.36 आणि एका खोलीत राहून रात्री हॉटेलात भांडी घासणाऱ्या आपल्या पोरालाही 18.36, हे चूक आहे. सरकारच्या निर्वाह मदतीवर जगणाऱ्यांना माफी आहे, सरकारी स्टुडंट मदत मिळणाऱ्यांना आहे, पण ती मदत भारतातून आलेल्या बहुतेक मुलांना मिळतच नाही मग माफी कुठली. फिनलंडने 2013 पासून घरटी फी काढून उत्पन्नाप्रमाणे वेगळा कर लावला, कमी कमावणाऱ्याला शून्य. जर्मनीनेही तेच करावं असं मला मनापासून वाटतं, आणि तसं झालं आणि मला थोडे जास्त भरावे लागले तरी मी भरीन.

आकाशवाणीसाठी वर्षाला दोनशे रुपये द्याल का असं उद्या कुणी विचारलं तर मी आजच देते, फक्त ते मंत्रालयाच्या खात्यात जाणार नसतील तर. बाबाही हो म्हणालेत.

तुमच्या घरी रेडिओ लायसनचं जुनं पुस्तक असेल तर खाली फोटो टाका, आतल्या तिकिटांचा पण.