मिल्केला शिक्षा कशाची झाली? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एरिश मिल्केवरच्या माझ्या लेखावर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत की दोन ओळींत बोळवण करणं बरं दिसलं नसतं. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: मी पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांच्या, म्हणजे श्टाझीच्या, प्रमुखाला खलनायक करून टाकलं, तो फॅसिझमविरोधात लढलेला, कामगार वस्तीतून वर आलेला माणूस होता, हेरखातं प्रत्येक देशाला असतं, आणि दोन्ही जर्मनींच्या एकत्रीकरणानंतर न्यायालयाला त्याच्याविरुद्ध सापडलं काय, तर साठ वर्षांपूर्वीचं एक खूनप्रकरण, तेही नाझींनी तयार केलेल्या कागदपत्रांवर. म्हणजे श्टाझीप्रमुख म्हणून त्याने गुन्हा केलाच नाही, असं तुमचं म्हणणं.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण त्यात तथ्य आहे. ९ ऑगस्ट १९३१ रोजी बर्लिनच्या ब्यूलोप्लात्झ भागात पाउल आन्लाउफ आणि फ्रान्झ लेंक या दोन पोलिस अधिकाऱ्यांना गोळ्या घालून मारलं गेलं. तेवीस वर्षांचा मिल्के मारेकऱ्यांपैकी एक होता. कम्युनिस्ट पक्षाने त्याला मॉस्कोला पोचवलं. मागे राहिलेल्यांवर खटला चालला तो १९३४ मध्ये, हिटलरच्या राजवटीत, आणि त्या तपासावर डोळे झाकून विश्वास ठेवा असं मी कुणालाच सांगणार नाही. पण दोन गोष्टी तुमच्या प्रतिक्रियेत आल्या नाहीत. मॉस्कोत असताना मिल्केने स्वतःच्या हाताने जी माहिती लिहून दिली, तीत ब्यूलोप्लात्झची कामगिरी त्याने स्वतःच्या नावावर मांडली आहे. आणि त्या जुन्या तपासाची कागदपत्रं सापडली ती त्याच्याच तिजोरीत. शिवाय १९३१ चे ते पोलिस हिटलरचे नव्हते, वायमार प्रजासत्ताकाचे, म्हणजे हिटलरच्या आधीच्या लोकशाहीचे होते. या खुनांना फॅसिझमविरोधी लढा म्हणता येणार नाही.

ऑक्टोबर १९९३ मध्ये याच खुनांबद्दल त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली आणि १९९५ मध्ये वय व प्रकृतीमुळे तो सुटला. बर्लिन भिंतीवरच्या मृत्यूंबद्दलही त्याच्यावर आरोप होते. ते प्रकरण निकालापर्यंत गेलंच नाही, कारण आरोपी खटल्याला तोंड देण्याच्या अवस्थेत नाही असं ठरलं. निर्दोष सुटणं वेगळं आणि खटलाच न चालणं वेगळं. तुम्ही दोन्ही एकच धरलंत, आणि माझा तुमच्याशी खरा मतभेद इथे आहे.

आता त्याच्या कारकिर्दीकडे या. श्टाझी १९५० मध्ये स्थापन झाली तेव्हापासून मिल्के तिथे वरच्या जागेवर होता. १९५३ च्या जूनमधल्या उठावानंतर पहिला प्रमुख त्सायसर गेला, १९५७ मध्ये दुसरा, वोल्वेबर, गेला; दोघांच्या पडझडीतून हा टिकला आणि मंत्री झाला. पुढची बत्तीस वर्षं त्याला कुणी हलवलं नाही. तो मंत्री झाला तेव्हा खातं बरंच लहान होतं. १९८९ मध्ये पगारी नोकरच एक्याण्णव हजार झाले होते, आणि गुपचूप खबरा देणारे पावणेदोन लाखांच्या आसपास. देशाची लोकसंख्या किती? जेमतेम दीड कोटीच्या वर. एवढ्याशा देशात एवढी माणसं परकीय हेर शोधण्यासाठी लागत नाहीत. ती आपल्याच लोकांच्या मागावर होती.

वेर्नर टेस्के हे नाव तुमच्या वाचनात आलं आहे का? तो श्टाझीचाच कॅप्टन. पश्चिमेकडे पळून जायचं त्याच्या मनात होतं, काही कागद त्याने घरी आणून ठेवले होते. प्रत्यक्षात तो गेला नाही. तरी त्याला मृत्युदंड ठोठावला गेला आणि २६ जून १९८१ रोजी लाइपझिगच्या तुरुंगात मागून डोक्यात गोळी घालून तो अमलात आणला गेला. त्याच्या बायकोलाही कळू दिलं नाही. पूर्व जर्मनीतला हा शेवटचा मृत्युदंड. पुढच्या वर्षी आपल्या अधिकाऱ्यांसमोर बोलताना मिल्के म्हणाला की गरज पडली तर न्यायालयाच्या निकालाशिवायही ठार करा. हे बोलणं ध्वनिमुद्रित आहे, आणि त्याच भाषणात तो स्वतःला मानवतावादी म्हणवून घेतो. मी त्याला खलनायक केलं म्हणता. मला काही करावंच लागलं नाही.

आणि रक्त न सांडता माणूस मोडायची पद्धत तर १९७६ च्या लेखी आदेशातच आहे. बदनामी पसरवायची, नोकरीत अपयश येईल अशी व्यवस्था करायची, मित्रांत संशय पेरायचा, आणि त्या माणसाला यामागे कोण आहे ते कळू द्यायचं नाही. वेरा वोलेनबेर्गर या सरकारविरोधी चळवळीतल्या कार्यकर्तीने भिंत पडल्यावर आपली फाईल पाहिली, तेव्हा तिच्याबद्दल खबरा देणारा ‘डोनाल्ड’ हा तिचा नवराच निघाला. मुलांचा बाप, रोज एका टेबलावर जेवणारा. असल्या खबरा कोणत्या परकीय शत्रूपासून देशाला वाचवत होत्या, ते तुम्हीच सांगा.

‘हेरखातं सगळ्यांनाच असतं’ हे खरं, पण सगळ्यांच्या हेरखात्याकडे स्वतःचे कोठडीचे तुरुंग, स्वतःचे तपास अधिकारी आणि स्वतःची सशस्त्र रेजिमेंट नसते. श्टाझीकडे तिन्ही होतं, आणि ती स्वतःला सत्ताधारी पक्षाची ढाल आणि तलवार म्हणवत असे. देशाची नव्हे, पक्षाची. तिला जाब विचारणारं न्यायालय नव्हतं, संसदही नव्हती. १३ नोव्हेंबर १९८९ रोजी मिल्के लोकप्रतिनिधींसमोर उभा राहिला आणि ‘माझं सगळ्यांवर प्रेम आहे’ म्हणाला, तेव्हा सभागृह हसलं. एरवी त्याच्या तोंडावर हसायची कुणाची छाती नव्हती. भिंत पडून चारच दिवस झाले होते.

जुनं कशाला उकरायचं, असंही तुम्ही विचारलंत. ते उकरणारा मी कोण? १९९२ पासून तिथले नागरिक स्वतः अर्ज करून आपापल्या फाईली वाचताहेत, आणि शेवटच्या दिवसांत श्टाझीने फाडून पोत्यांत भरलेले कागद जुळवायचं काम पुढची कित्येक वर्षं चालत राहिलं.

पूर्व जर्मनीतली पाळणाघरं, स्वस्त भाडी, हमखास नोकऱ्या यांबद्दल तुम्ही आपुलकीने लिहिलं आहे. त्यावर सविस्तर लेख पाठवा, मी तो इथे जसाच्या तसा छापेन. पण पाळणाघरं चालवणाऱ्या बायकांचं श्रेय मिल्केच्या खात्यावर जमा करू नका. त्याच्या खात्यावर टेस्के आहे.