‘भांडखोर पिल्लं दिली’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

आमच्याकडून नेलेल्या कोंबडीच्या २० पिल्लांपैकी दोन पाचव्या आठवड्यात दगावली, तिघांच्या पाठी उघड्या पडल्या, जातच भांडखोर निघाली, चोची छाटून का दिल्या नाहीत, आणि फोन केला तर “होतं असं, आपोआप थांबेल” एवढंच ऐकवलं, असं तुम्ही लिहिलंय. मी हे तीनदा वाचलं. तुम्ही पाठवलेले फोटोही आज पुन्हा मोठे करून पाहिले.

फोनचा मुद्दा आधी घेतो. ते उत्तर चुकीचं होतं आणि ते आमच्या माणसाने दिलं, म्हणजे मीच दिलं. टोचाटोची आपोआप थांबत नाही. एका पिल्लाचं पीस उपटलं गेलं की बाकीची बघतात, शिकतात, आणि कातडीवर लाल ठिपका दिसला की सगळी त्याच जागेवर तुटून पडतात. पहिलं रक्त दिसल्यापासून पिल्लू दगावेपर्यंत कधीकधी एक दिवससुद्धा पुरतो. तुम्ही फोन केला तेव्हा फक्त शेपटीची पिसं तुटलेली होती. त्याच क्षणी “ते पिल्लू आधी बाहेर काढा” असं कोणी सांगितलं असतं, तर बहुतेक ती दोन्ही आज जिवंत असती. याबद्दल मनापासून माफी मागतो.

आता जातीबद्दल. काही वाणांमध्ये ही खोड जास्त असते हे खरं, पण तुमच्या फोटोत मला भांडण दिसत नाही. कोंबड्यांचं भांडण डोक्यावर आणि तुऱ्यावर चालतं. कोण वरचढ, कोणी आधी खायचं, याची ती मारामारी असते. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ श्येल्डरप-एबे यांनी १९२० च्या दशकात कळपातली ही उतरंड मांडून दाखवली. तुमच्या पिल्लांची डोकी मात्र धड आहेत आणि जखमा शेपटीच्या मुळाशी, पाठीवर आणि पंखांवर आहेत. हा राग नाही. कोंबडीला दिवसभर जमीन उकरून, टोचून काहीतरी शोधायचं असतं. जमीन मिळाली नाही तर ती शेजारणीची पिसं शोधते. नेदरलँड्सचे संशोधक ब्लोकहुइस यांनी १९८० च्या दशकात हाच संबंध दाखवला.

पाचव्या आठवड्याच्या आसपासच हे का उफाळतं, तेही सांगतो. तेव्हा खरी पिसं फुटत असतात. नव्या पिसाचं मूळ हातात धरून उजेडात बघा, निळसर काळं दिसतं, कारण आत रक्त वाहत असतं. असं पीस मधोमध तुटलं की टपकन थेंब येतो. मागे एकदा मी आमच्या शेडमध्ये एका तलंगीला, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबडीला, असं पीस उपटताना पाहिलं. तिने ते टाकलं नाही, चोचीत फिरवून मुळाकडची बाजू आधी गिळली. त्या दिवसापासून जमिनीवर पडलेली पिसं मोजायची सवय लागली. पिसं गळताहेत पण जमिनीवर दिसत नाहीत, म्हणजे कोणीतरी ती खातंय.

तुमच्या खोक्यात काय घडलं असावं, हे सांगताना दोष तुमच्यावर ढकलायचा नाही, कारण त्यातला बराचसा आम्ही पिल्लांसोबत दिलेल्या सूचनांच्या पत्रकाचा आहे. तळाशी वर्तमानपत्र अंथरा असं आम्ही छापलंय. ते पहिल्या दोनतीन दिवसांपुरतं होतं, पिल्लांना खाद्य ओळखता यावं म्हणून. पण ते कधी काढायचं आणि त्याजागी बोटभर जाड तूस किंवा लाकडाचा कोरडा भुसा कधी घालायचा, हे छापलंच नाही. तुमची पिल्लं पाच आठवडे कागदावर आहेत. उकरायला काहीच नाही.

जागेचंही तसंच. खोका ४ बाय ३ फुटांचा, म्हणजे १२ चौरस फूट. चार आठवड्यांपर्यंत पिल्लामागे अर्धा चौरस फूट पुरतो, तेव्हा २० पिल्लांना तो ऐसपैस होता. त्यानंतर प्रत्येकी किमान एक चौरस फूट लागतो, आणि तुमच्याकडे तेवढीच पिल्लं जवळपास अर्ध्या जागेत राहिली. ऊब देणारा बल्बही अजून पहिल्या दिवसाइतकाच खाली आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३२ ते ३५ अंश लागतात, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत जायचं. पाचव्या आठवड्यात २३ च्या आसपास पुरे. उकाडा, गर्दी आणि रात्रभर डोळ्यांवर पांढरा लख्ख उजेड एकत्र आले की शांत पिल्लूही बेचैन होतं. आज तो बल्ब बदलून मंद लाल लावा. लाल उजेडात रक्ताचा लाल रंग उठून दिसत नाही. रात्री ऊब लागत नसेल तर बल्ब सरळ बंद करा, त्यांनाही झोप हवी.

खाद्यात तुम्ही निम्मा भरडलेला मका मिसळता, असं फोनवर म्हणाला होतात. हेतू चांगला होता, पण पिल्लांच्या खाद्यात प्रथिनं २० टक्क्यांच्या आसपास असतात आणि मक्यात जेमतेम ८-९. निम्मं-निम्मं केलं की १४-१५ वर येतं. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच, आणि त्यासाठी मेथिओनिन नावाचा घटक भरपूर लागतो. तो कमी पडला की पिल्लं तो दुसरीच्या पिसांत शोधतात. मीठ कमी पडलं तरी असंच होतं. म्हणून नुसतं पिल्लांचं तयार खाद्य द्या, तेही बारीक भरडीचं. गोळीचं खाद्य पाच मिनिटांत संपतं आणि मग दिवसभर काय करायचं? अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य मात्र चुकूनही घालू नका. त्यातला कॅल्शियम इतक्या लहान पिल्लांच्या मूत्रपिंडाला सोसत नाही.

आणि एक चूक निखळ आमची. तुमचा आकडा पुरा करायला आम्ही चार पिल्लं एक आठवडा लहान असलेल्या दुसऱ्या खेपेतली घातली आणि तुम्हाला सांगितलं नाही. त्या वयात एक आठवड्याचा फरक खूप असतो. दगावलेली दोन्ही पिल्लं त्या चारांतली होती, असं फोटोंवरून वाटतं.

चोची छाटण्याबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. चोचीचं टोक नखासारखं निर्जीव नसतं. त्यात नसा असतात, त्याने कोंबडी चाचपते, निवडते. नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडमध्ये चोच छाटायला कायद्याने बंदी आहे. छाटल्याने जखमा कमी होतात हे खरं, पण टोचण्यामागचं कारण तसंच राहतं आणि पिल्लाला पुढे बराच काळ दुखत राहू शकतं. आम्ही छाटत नाही आणि छाटणार नाही.

आता त्या तिघांचं बघू. तिघांनाही आजच वेगळं करा, पण एकत्र ठेवा आणि मधे जाळी लावून कळपाला दिसतील असं ठेवा. एकेकटं ठेवलं तर पिल्लू घाबरतं, आणि नजरेआड गेलं तर परत आल्यावर परकं ठरून पुन्हा मार खातं. अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात छोटा चमचाभर मीठ विरघळवून त्याने जखम हळू धुवा. मग पोव्हिडोन आयोडीन पाण्यात पातळ करून, बिनदुधाच्या चहाच्या रंगाचं झालं की लावा. कोवळ्या पिसातून रक्त येत असेल तर स्वच्छ कापूस धरून दोनतीन मिनिटं दाबून ठेवा. जखमेवर माशी बसू देऊ नका, एका दिवसात अळ्या पडतात. आत मांस दिसत असेल, वास येत असेल, पिल्लू खात नसेल किंवा जखम गुदद्वारापाशी असेल तर घरी काही न करता थेट पशुवैद्यांकडे न्या. अँटिबायोटिक मनाने देऊ नका.

पीस मुळासकट निघालं असेल तर त्या जागी लगेच नवं फुटू लागतं. अर्धं तुटून खुंट उरला असेल तर पुढची पिसं झडेपर्यंत ते तसंच राहील, त्याने घाबरू नका.

टोचणारी बहुतेक वेळा एकदोनच असतात. त्यांना ओळखायचं तर सगळ्यांत तुकतुकीत, एकही पीस न मोडलेलं पिल्लू कोणतं ते बघा. त्याला चारपाच दिवस बाजूला ठेवा. परत येईल तेव्हा त्याची कळपातली जागा गेलेली असते आणि जोरही उतरलेला असतो. जखमी पिल्लांना मात्र खपली पूर्ण वाळून वर पिसं आल्यावरच, संध्याकाळी अंधार पडताना परत सोडा.

तोवर खोक्यात कोरडा भुसा, एका कोपऱ्यात धुळीत लोळायला मातीची परात, उंचावर टांगलेली पालेभाजीची जुडी आणि आणखी एक खाद्याचं भांडं ठेवा, म्हणजे दुबळ्या पिल्लांनाही खायला मिळेल. पिसं विस्कटून पंखांखाली आणि मागच्या बाजूला उवा आहेत का तेही बघा. खाज असली तर बाकी सगळं करूनही टोचणं सुटत नाही.

दगावलेल्या दोन पिल्लांचे पैसे आम्ही परत करतो, तिघांच्या उपचाराचा खर्चही आमचा. बदल्यात दोन नवी पिल्लं लगेच पाठवणार नाही. आताच्या कळपात दोन परकी लहान पिल्लं घातली की सगळं पहिल्यापासून सुरू होईल. हवीच असतील तर कळप शांत झाल्यावर, त्यांच्याच वयाची आणि एकदम पाचसहा घ्या. पत्रक नव्याने लिहायला घेतलंय. वेगळ्या खेपेची पिल्लं गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय घालायची नाहीत, हे आजपासून शेडमधल्या सगळ्यांना सांगितलंय.

उद्या सकाळी मी स्वतः फोन करतो. त्याआधी आज संध्याकाळी पंधरा मिनिटं न हलता खोक्याशेजारी बसा आणि कोण कोणाच्या मागे जातंय ते बघून ठेवा. आणि त्या तिघांच्या पाठीचे फोटो दिवसाउजेडी, पिसं बाजूला सारून घ्या, म्हणजे जखम किती खोल आहे ते मला नीट दिसेल.